फाटा काढण्याचा अधिकार : मुक्त सॉफ्टवेअरमधील निर्माता आणि वापरकर्ता

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीने निर्माता आणि वापरकर्ता यांच्यातील भेद नाहीसा केला, असे विधान या विषयावरील लेखनात वारंवार आढळते. ज्याच्या हाती आज्ञावलीची मूळ संहिता आहे तो ती वाचू शकतो, बदलू शकतो, बदललेली प्रत इतरांस देऊ शकतो. तेव्हा तो केवळ ग्राहक राहत नाही, असा त्यामागील युक्तिवाद होय. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर आहे. परंतु हा अधिकार प्रत्यक्षात कोणी, केव्हा आणि कशाच्या बळावर बजावला, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर निर्मात्यांचे समुदाय ज्या ज्या वेळी दुभंगले, त्या प्रसंगांकडे वळले पाहिजे.

संगणकाच्या आरंभीच्या काळात आज्ञावली बहुधा यंत्राबरोबरच येत असे. तिची निराळी किंमत सहसा लावली जात नसे. जून १९६९ मध्ये आयबीएम कंपनीने काही आज्ञावली व सेवा यांचे मूल्य यंत्रापासून वेगळे आकारण्याचे जाहीर केले. १९८० मध्ये अमेरिकेच्या प्रताधिकार कायद्यात दुरुस्ती होऊन आज्ञावलींना त्याचे संरक्षण स्पष्टपणे लाभले. पुढे माणसास वाचता येईल अशी मूळ संहिता विक्रेत्याकडे राहू लागली आणि ग्राहकास केवळ यंत्रास कळणारे रूप मिळू लागले. आज्ञावलीत दोष आढळला तरी तो दूर करणे ग्राहकाच्या हाती उरले नाही.

या परिस्थितीस उत्तर म्हणून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी २७ सप्टेंबर १९८३ रोजी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली व १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स हा परवाना प्रसिद्ध झाला. प्रताधिकाराच्याच आधाराने हा परवाना वापर, अभ्यास, बदल आणि वितरण यांची मोकळीक देतो. बदललेली आज्ञावली दुसऱ्यास देताना तिची संहिता व तीच मोकळीक त्यासही द्यावी, ही त्याची मुख्य अट होय.

तथापि एका महत्त्वाच्या बाबतीत हा परवाना मौन पाळतो. केलेला बदल मुख्य प्रतीत समाविष्ट व्हावा असा हक्क तो कोणासही देत नाही. तो निर्णय प्रकल्पाची धुरा वाहणाऱ्या मंडळींचा असतो. त्यांस मेंटेनर म्हणतात. त्यांचा निर्णय मान्य नसेल तर असंतुष्टांपुढे अखेरचा मार्ग उरतो, तो म्हणजे संपूर्ण संहिता घेऊन वेगळे होण्याचा. या व्यवसायात त्यास फोर्क अशी संज्ञा आहे; मराठीत त्यास फाटा म्हणता येईल.

फाट्याचे सामर्थ्य ग्नू प्रकल्पाच्याही अनुभवास आले. जीसीसी हा कंपायलर त्या प्रकल्पाचा आधारस्तंभ होता. त्याच्या विकासाची गती मंद असून कारभार बंदिस्त आहे, असे वाटल्यावरून काही आज्ञावलीकारांनी १९९७ मध्ये ईजीसीएस नावाचा फाटा काढला. एप्रिल १९९९ मध्ये फाउंडेशनने त्याच मंडळींकडे जीसीसीचे अधिकृत पालकत्व सोपविले. मालकशाहीविरुद्ध उभारलेले शस्त्र चळवळीच्या स्वतःच्या नेतृत्वावरही चालले, हे या घटनेचे विशेष महत्त्व होय.

२००४ मध्ये पडद्यावर खिडक्या व चित्रे दाखविणाऱ्या एक्सफ्री८६ या आज्ञावलीच्या परवान्यात श्रेयनिर्देशाची नवी अट घालण्यात आली. लिनक्सच्या अनेक वितरणांनी, म्हणजे विविध आज्ञावली एकत्र करून वापरकर्त्यांपर्यंत पोहोचविणाऱ्या प्रकल्पांनी, ती आवृत्ती नाकारली, आणि एक्स.ऑर्ग या फाट्याने तिची जागा घेतली. येथे निर्णय घेतला तो वितरकांनी. सामान्य वापरकर्त्याच्या संगणकावरील आज्ञावली बदलली, पण त्या बदलात त्याचे मत विचारले गेले नाही.

ओपनऑफिसचा प्रसंग याहून बोधप्रद आहे. सन कंपनीने २००० मध्ये या कार्यालयीन आज्ञावलीची संहिता खुली केली होती. जानेवारी २०१० मध्ये ऑरॅकलने सन विकत घेतली. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला अनेक प्रमुख कार्यकर्त्यांनी द डॉक्युमेंट फाउंडेशनची घोषणा करून लिबरऑफिस हा फाटा काढला. पुढील वर्षी ऑरॅकलने ओपनऑफिस अपाची फाउंडेशनच्या स्वाधीन केले. नव्या संस्थेची २०१२ मध्ये जर्मन कायद्यानुसार रीतसर नोंदणी झाली. तिचे सदस्यत्व योगदानावर अवलंबून असून सदस्य संचालक मंडळ निवडतात. आणि योगदानात संहितालेखनाप्रमाणेच भाषांतर, दस्तऐवजलेखन व चाचणी यांचीही गणना होते. लिबरऑफिस मराठीतही वापरता येते. संहिता न लिहिणारा, परंतु भाषेवर प्रभुत्व असणारा वापरकर्ता या वाटेने मताधिकारापर्यंत पोहोचू शकतो. मात्र जो केवळ वापरतो, त्यास येथेही मत नाही.

हीच मर्यादा डेबियन या प्रकल्पात अधिक ठळकपणे दिसते. १९९७ मध्ये स्वीकारलेल्या आपल्या सामाजिक करारात त्याने वापरकर्ते आणि मुक्त सॉफ्टवेअर यांस अग्रक्रम दिला. १९९८ मध्ये त्यास लिखित घटना मिळाली व तिच्यानुसार प्रकल्पनेत्याची दरवर्षी निवडणूक होते. परंतु मतदार असतात ते प्रकल्पाने स्वीकारलेले सदस्यच. वापरकर्त्यांच्या हितासाठी, पण त्यांच्या मताविना चालणारे हे प्रजासत्ताक आहे.

अलीकडील घटनांनी या प्रश्नास आणखी एक बाजू जोडली आहे. मार्च २०२४ मध्ये रेडिस या विदासंचयाच्या मालक कंपनीने त्याचा उदार परवाना बदलून निर्बंध घातले. अवघ्या काही दिवसांत लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की हा फाटा निघाला. त्याच्या पाठीराख्यांत ॲमेझॉन, गूगल आणि ऑरॅकल या कंपन्या होत्या. २०१० मध्ये ज्या कंपनीविरुद्ध फाटा निघाला, ती येथे फाटा काढणाऱ्यांच्या बाजूस उभी दिसते. मे २०२५ मध्ये रेडिसने मुक्त परवान्याचा पर्याय पुन्हा खुला केला. अधिकाराचा धाक खरा ठरला. परंतु तो बजावणारे या वेळी रेडिसचे बलाढ्य औद्योगिक वापरकर्ते होते.

या सर्व प्रसंगांवरून असे म्हणावे लागते की, मुक्त परवान्याने सत्ता नष्ट केली नाही, तर तिला मर्यादा घातली. सारी संहिता घेऊन लोक निघून जाऊ शकतात, ही जाणीव मेंटेनरला संयम शिकविते. सामान्य वापरकर्त्यास या संयमाचा लाभ मिळतो, पण तो इतरांच्या सामर्थ्याच्या आधाराने. पूर्वी विक्रेता आणि ग्राहक यांच्यामध्ये असलेली सीमारेषा आता संहिता वाचू शकणारा आणि न वाचू शकणारा यांच्यामध्ये आली आहे. ती पुसण्याचे सामर्थ्य कोणत्याही परवान्यात नाही. त्यासाठी शिक्षण, सवड आणि श्रमाचा मोबदला लागतो. म्हणूनच या चळवळीच्या इतिहासकाराने परवान्यांच्या मसुद्यांबरोबर विद्यापीठांचे अभ्यासक्रम, आज्ञावलीकारांचे वेतन आणि प्रकल्पांच्या मतदारयाद्या यांचाही अभ्यास करावयास हवा.