पाळण्यापासून बोरन्हाणापर्यंत



मूल जन्मून पांच दिवस झाले, कीं महाराष्ट्रांतील जुन्या घरांत त्या रात्रीं कोणी निर्धास्त झोंपत नसे. बाळंतिणीच्या खोलींत पाटा-वरवंटा मांडीत, त्याला हळदकुंकू वाहात, आणि शेजारीं कोरा कागद, दौत व बोरू ठेवून देत. सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचें सारें आयुष्य लिहून जाते, अशी समजूत. तिला लिहावयास साधन नको काय? म्हणून ही तयारी. दिवा रात्रभर तेवत ठेवावयाचा, घरांतील दोघी-तिघींनीं आळीपाळीनें जागावयाचें, बाळाला क्षणभरहि एकटें टाकावयाचें नाहीं. कोठें पांचवी रात्र महत्त्वाची, कोठें सहावी. पुष्कळ घरांत दोन्ही.

आज ह्या विधीकडे आपण कौतुकानें पाहतों. परंतु ज्या बायका तेथें डोळ्यांत तेल घालून बसत, त्यांच्या मनांत कौतुकाला जागा नव्हती. लहान मुलांचे जे चिमुकले सोहळे आपण हौसेचे समजतों, त्यांचा जन्म पुष्कळ अंशीं धास्तींतून झाला आहे. मूल आणखी एक टप्पा जगलें, ह्याची ती घरानें ठेवलेली नोंद आहे. त्या नोंदीच्या आधारानें आपल्या घरगुती जीवनाचा थोडा इतिहास आज सांगावयाचा आहे.

सटवाई हें षष्ठी देवीचेंच मराठी रूप. तिची परंपरा लहानसहान नाहीं. सातव्या शतकांतील बाणभट्टानें 'कादंबरी'मध्यें राजपुत्र चंद्रापीडाच्या जन्माचें वर्णन केलें आहे. तेथें सूतिकागृहाच्या मांडणींत षष्ठी देवी आहे. बालरोगांवरील काश्यपसंहितेंतहि तिची पूजा सांगितली आहे. म्हणजे राजवाडा असो वा झोंपडी, वैद्य असो वा सुईण, सहाव्या रात्रीची भीति सर्वांना एकच होती. पण हीच रात्र कां? माझा तर्क असा आहे. नवजात बालकांचा धनुर्वात जन्मानंतर तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आंत प्रकट होतो, आणि बहुतेक वेळां पहिल्या आठवड्याच्या अखेरीस. तोंवर चांगलें पिणारें मूल एकाएकीं स्तन धरीनासें होतें, जबडा आवळतो, अंग धनुष्यासारखें ताठतें, आणि बहुधा थोड्या दिवसांत सारें संपतें. नाळ विळ्यानें कापावयाची आणि वर राख किंवा शेण लावावयाचें, ही जुनी रीत. रोगाचें बीज तेथूनच शरीरांत शिरे. हें बीज १८८९ सालीं किटासाटो ह्या जपानी शास्त्रज्ञानें वेगळें करून दाखविलें. त्याआधीं आजीबाईला एवढेंच ठाऊक होतें, कीं ह्या दिवसांच्या आसपास कोणी तरी येतें आणि मूल घेऊन जातें. तिची दिवसांची गणना बरोबर होती. चुकला तो फक्त आरोपी. गरोदर स्त्रीला लस आणि नाळ कापावयास स्वच्छ पातें, ह्या दोन साध्या गोष्टी देशभर पोंचावयास सव्वाशें वर्षें लागलीं. बाळ-बाळंतिणींच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें मान्य झालें तें २०१५ सालीं.

सहावी रात्र निभावली, कीं पुढचा मुक्काम बाराव्या दिवसाचा. सोयर फिटलेलें, बाळंतीण न्हालेली, पाळण्यावर रंगीत लांकडी चिमण्या टांगलेल्या. आत्या बाळाच्या कानांत नांव सांगे, आणि मागून बायका तिच्या पाठींत धपाटे घालीत. दारीं जमलेल्या पोरांना घुगऱ्या वांटीत. बाळंतविड्यांत झबलीं, टोपडीं, कुंची येत. दुपटीं मात्र घरच्याच जुन्या, धुऊन मऊ झालेल्या लुगड्यांचीं. फार खर्चाचा समारंभ नव्हे. पण त्या दिवसापर्यंत मुलाला नांव नसे, हें ध्यानांत ठेवावें. नांव ठेवणें म्हणजे हें मूल आपलें, असें धीर करून म्हणणें.

हा धीर किती महाग होता, ह्याचें एक उदाहरण सर्वांच्या माहितींतील आहे. डॉ. आनंदीबाई जोशी ह्यांना चौदाव्या वर्षीं मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. बाराव्या दिवसापर्यंतहि तो पोंचला नाहीं. पुढें ह्याच बाई फिलाडेल्फियास गेल्या, १८८६ सालीं त्यांनीं वैद्यकाची पदवी घेतली, आणि प्रबंधासाठीं विषय निवडला तो प्राचीन आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. ही निवड केवळ विद्वत्तेची होती, असें मला वाटत नाहीं. परत आल्या त्या आजारी होऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्या वारल्या. वयाचीं बावीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं.

नांवाचीहि एक युक्ति असे. ज्या घरांत मुलें लागोपाठ जात, तेथें नव्या मुलाला धोंडू, दगडू, भिकू, केरू असें कांहीं तरी नांव ठेवीत. केरू म्हणजे केरांत टाकलेला. जें घरानेंच टाकून दिलें, तें यम कशाला उचलील? कांहीं ठिकाणीं मूल शेजारणीच्या ओटींत घालून, पसाभर धान्य देऊन तिच्याकडून परत विकत घेत. मायेनें केलेली ही निंदा आहे. परंतु तिच्याच शेजारीं दुसरें एक नांव आहे, आणि त्यांत माया नाहीं: नकुशी. दोन-तीन मुलींवर आणखी एक मुलगी झाली, कीं तिच्या वांट्याला हें नांव येई. धोंडूला मृत्यूनें ओळखूं नये म्हणून वाईट नांव. नकुशीला घरानेंच ओळख दिली नाहीं म्हणून. ही गोष्ट फार जुनी समजूं नये. सातारा जिल्ह्यांत २०११ सालीं अशा पावणेतीनशेंहून अधिक मुलींचें जाहीर समारंभांत पुन्हां नामकरण झालें. कित्येकींनीं आपलें नवें नांव आपणच निवडलें. त्यांचें खरें बारसें असें वर्षांनुवर्षें उशिरां झालें.

बारशानंतर सोहळा संपे आणि रोजचा राबता सुरू होई. बाळाला न्हाऊं घालणें हाच निम्म्या सकाळचा उद्योग. टाळूवर तेल भरावयाचें, अंग चोळावयाचें, कढत पाण्यानें न्हाणें, मग ओवा-शेपांची धुरी, दुपट्यांत घट्ट गुंडाळणें, गालावर तीट. मग सहाण येई. वेखंड, जायफळ, सुंठ, हळकुंड, मुरुडशेंग, बाळहिरडा, खारीक, बदाम: दुधांत किंवा पाण्यांत प्रत्येकाचे ठरीव वळसे. कोणत्या महिन्याच्या मुलाला कशाचे किती, पोट बिघडलें तर काय वाढवावयाचें, हें कोठें लिहिलेलें नसे. तें आजीच्या बोटांत असे. गृह्यसूत्रांत नामकरण आहे, अन्नप्राशन आहे, चौल आहे, आणि त्यांचे मंत्र पुरुषांच्या तोंडीं आहेत. गुटीचे वळसे कोणत्याहि सूत्रांत नाहींत. माझ्या मतें मुलें जगविण्याच्या खटपटीचा निम्मा इतिहास त्या सहाणेवर उगाळला गेला आहे. संध्याकाळीं मीठ-मोहऱ्यांनीं दृष्ट काढली, कीं तो दिवस पार पडला.

परंतु ह्या साऱ्याला एक गोष्ट लागते: घरांत रिकामे हात. आजी, आत्या, काकू ह्यांपैकीं कोणी तरी. मुंबईच्या चाळींत एका खोलींत बिऱ्हाड करणाऱ्या गिरणी कामगार बाईजवळ हे हात कोठून येणार? ती कामावर जाई तेव्हां तान्ह्या मुलानें रडूं नये म्हणून त्याला अफूची बाळागोळी देत. मूल झोंपून राही, दूध कमी पिई, आणि सुकत जाई. १९२१ सालीं मुंबई शहरांत हजार जन्मांमागें सहाशेंच्या वर बालकें पहिल्या वर्षांत दगावल्याची नोंद आहे. हा आंकडा जसाच्या तसा घेऊं नये. पुष्कळ बायका बाळंतपणासाठीं माहेरीं, कोंकणांत वा घाटावर जात. जन्माची नोंद तिकडे आणि मृत्यूची मुंबईंत, असें होई. माहेरपणाच्या प्रेमळ रिवाजानें सरकारी गणित असें बिघडविलें होतें. पण ती वजाबाकी केल्यावरहि जें उरतें, तें भयंकरच आहे. प्रसूतीच्या वेळीं कामगार स्त्रीला रजा व भत्ता देणारा कायदा मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं झाला. त्याच्या आदल्या वर्षीं कायदेमंडळांत डॉ. आंबेडकरांनीं ह्या विधेयकाला पाठिंबा देतांना मांडलें होतें, कीं मातेला अशा वेळीं विश्रांति मिळणें हें राष्ट्राच्या हिताचें आहे. घरांतल्या आजीचे हात जेथें नव्हते, तेथें कायद्याला हात पुढें करावा लागला.

आणि देवी. मुलाच्या अंगावर फोड उठले, कीं 'देवी आल्या' असें म्हणत. रोग म्हणावयाची सोय नव्हती, कारण ती घरीं आलेली पाहुणी. दाराला कडुलिंबाचे डहाळे लागत, घरांत फोडणी बंद होई, मोठ्यानें कोणी बोलत नसे. मूल वांचलें, तर देवीला थंड नैवेद्य. १४ जून १८०२ रोजीं मुंबईंत ॲना डस्टहॉल ह्या तीन वर्षांच्या मुलीला लस टोंचली गेली. हिंदुस्थानांत यशस्वी झालेली ती पहिली लस. बगदाद-बसऱ्याच्या वाटेनें ती आली होती. त्या काळीं कुपींतली लस उन्हाळ्यांत फार दिवस टिकत नसे. म्हणून एका मुलाच्या दंडावर फोड आला, कीं आठवड्यानें त्यांतील द्रव दुसऱ्या मुलाच्या दंडांत, तेथून तिसऱ्याच्या. ॲनाच्या दंडापासून ती लस पुणें, सुरत, हैदराबाद अशी मुलांच्याच अंगावरून चालत गेली. परक्या जातीच्या मुलाच्या फोडांतलें पाणी आपल्या मुलाच्या अंगांत घालावयाचें, ह्याचा पुष्कळांना राग येई. मुंबई शहरांत १८७७ च्या कायद्यानें लस सक्तीची झाली, तरी आया मुलांना लपवीत. त्यांना हंसण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. परका माणूस सुई घेऊन दारांत उभा राहिला, तर तान्हें मूल सुखासुखीं कोण पुढें करील? ह्या रोगाचे भारतांतील शेवटचे रोगी १९७५ सालीं सांपडले. पन्नाशीपलीकडच्या माणसांच्या दंडावर तो वाटोळा वण अद्याप दिसतो.

उष्टावण आणि जावळ ह्यांचा मी नुसता उल्लेख करून पुढें जातों, कारण वाढदिवसाविषयीं थोडें बोलावयाचें आहे. जुना वाढदिवस तिथीनें होई. न्हाणें, नवें वस्त्र, मार्कंडेय व चिरंजीवांचें स्मरण, गूळ-तीळ घातलेलें दूध, आणि औक्षण. हा थाट ज्यांच्या घरीं कुंडली मांडीत, त्यांचा. इतरांचा जन्म 'प्लेगच्या सालीं', 'मोठ्या पुराच्या सालीं' एवढाच आठवणींत राही. मग मूल शाळेंत जाई, आणि मास्तर हजेरींत तारीख लिहून देत: १ जून. शाळेचें वर्ष जूनमध्यें सुरू होतें, त्या हिशेबानें ही सोयीची. महाराष्ट्रांत ह्या एका तारखेला जितकीं माणसें कागदोपत्रीं जन्मलीं आहेत, तितकीं दुसऱ्या कोणत्याहि तारखेस जन्मलेलीं नसावींत. जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ सालीं आला, तेव्हांपासून ही गंमत हळूहळू सरत चालली.

आतां केक आला आहे, आणि मेणबत्त्या विझविण्यावर नाकें मुरडणारेहि पुष्कळ आहेत. मला तो वाद क्षुल्लक वाटतो. जुन्या औक्षणांतील एक गोष्ट मात्र मला टोंचते. ओंवाळावयाचें तें सुवासिनींनीं. जी विधवा आत्या वर्षभर त्या मुलाला मांडीवर घेऊन न्हाऊं घाली, त्याची गुटी उगाळी, रात्रीं त्याच्यासाठीं जागे, ती त्या दिवशीं स्वयंपाकघराच्या दारांतून पाही. मूल 'आत्या कोठें?' म्हणून विचारी, आणि कोणी उत्तर देत नसे.

शेवटीं बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचा कोणताहि दिवस. कोणी ह्याला लूट असेंहि म्हणतात. मुलाला काळें झबलें, गळ्यांत हलव्याचा हार, दंडांत हलव्याचे बाजूबंद, डोक्यावर हलव्याचाच मुकुट. पाटावर बसवून त्याच्या डोक्यावरून बोरें, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे, रेवड्या ओततात. गृह्यसूत्रांच्या यादींत हा संस्कार नाहीं, ह्याला भटजी लागत नाहीं, मुहूर्त लागत नाहीं. तो पांच वर्षांपर्यंतच्या मुलांचा करितात. ही सीमा कोणी ठरविली, त्याचें नांव इतिहासाला ठाऊक नाहीं. परंतु आजचें आरोग्यखातें बालमृत्यूंची मोजदाद करितें, तेंहि पांच वर्षांचीच रेघ ओढून. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणींत महाराष्ट्रांतील पहिल्या वर्षांतले बालमृत्यु हजारीं १६ आहेत.

बोरें ओतलीं जातात, आणि भोंवतालचीं पोरें तुटून पडतात. खिसे, परकराचे ओचे, टोप्या भरूं लागतात. कोणाचें तरी डोकें कोणाला तरी लागतें. ज्याच्यासाठीं हें सारें चाललें आहे, तो मधोमध पाटावर बसून आधीं घाबरतो, ओठ काढतो, आणि मग कोणाचें लक्ष नाहींसें पाहून आपल्या हातांतलें हलव्याचें कडें तोंडांत घालतो.