तालमीतील हाडवैद्यक

कुस्तीचा इतिहास सांगणारे आपले लेखक बहुधा मैदानापासून आरंभ करतात. कोणत्या दंगलीत कोणी कोणास कोणत्या डावावर चीत केले, कोणत्या दरबारातून कोणास गदा आणि फेटा मिळाला, याची वर्णने आपल्याकडे विपुल आहेत. परंतु ज्या देहाच्या बळावर हा सारा थाट उभा राहिला, तो देह वर्षानुवर्षांची आदळआपट सोसूनही शाबूत कसा राखला जाई, सांधा निखळला तर तो कोण बसवी, आणि हाड जुळून आल्यावर पैलवानाला पुन्हा मातीत केव्हा उतरू देत, हे प्रकरण इतिहासाच्या दप्तरी फारसे दाखल झालेले नाही. तालमीचे खरे शास्त्र मात्र मला याच ठिकाणी दिसते. कारण मेहनत करून घेणारा हात आणि दुखापत निस्तरणारा हात तिथे पुष्कळदा एकाच वस्तादाचा असे.

कोल्हापुरातील मोतीबाग किंवा गंगावेस यांसारख्या जुन्या तालमीचा हौदा जवळून पाहावा. तांबडी माती चाळून, खडा न् खडा वेचून, तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर असे जिन्नस घालून ती मुरवलेली असते, आणि लढतीपूर्वी पैलवान स्वतः खोरे घेऊन ती उकरतात. हा शिरस्ता केवळ मातीच्या पावित्र्यासाठी पडला, असे मानणे म्हणजे त्यामागच्या अनुभवाला कमी लेखणे होय. कारण उकरलेली ओलसर माती पडणाऱ्या अंगाखाली दबते आणि आघाताचा जोर हाडापर्यंत पोचण्यापूर्वीच बराचसा खर्ची पडतो, आणि त्याच वेळी उकरणाऱ्याचे खांदे, कंबर आणि पोटऱ्या लढतीआधीच तापून सैल होतात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी 1902 च्या युरोपच्या प्रवासात रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि पुढे 1912 मध्ये खासबागेचे मैदान पुरे झाले, तेव्हा प्रेक्षकांच्या बैठकीची कल्पना परदेशातून आली खरी. मध्यभागी मात्र हीच माती राहिली.

दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे जीवन दिले, त्यातही देहाला आघातासाठी आधीच तयार करण्याचा हाच विचार आहे. मल्लखांब ही आज स्वतंत्र कला झाली असली तरी मुळात ती मल्लाची पूर्वतयारी होती: प्रतिस्पर्ध्याचे वजन अंगावर न घेता पकड, आढी आणि पिळाचे वळण शरीराला लागावे, आणि लाकडावर घासून कातडे सोलवटू नये म्हणून खांबाला एरंडेल चोपडावे. ज्या सांध्याला उद्या झटका बसायचा आहे, त्याला तो झटका आज आपल्याच वजनाने आणि आपल्याच वेगाने ओळखीचा करून द्यावा, ही युक्ती ज्याला प्रथम सुचली तो शरीराचा मोठा जाणकार असला पाहिजे.

या परंपरेच्या मागे वैद्यकाचे जे जुने अधिष्ठान आहे, त्यावर क्षणभर थांबणे अवश्य आहे. सुश्रुतसंहितेत अस्थिभंगाचे दोन मोठे वर्ग केले आहेत; सांधा निखळण्याचे सहा प्रकार आणि हाड मोडण्याचे बारा. वड, पिंपळ, उंबर, पळस अशा वृक्षांच्या साली आणि बांबूच्या कांबी यांचा कुश म्हणजे आधाराची पट्टी म्हणून उपयोग करून बंध कसा बांधावा हे तिथे सांगितले आहे. बंध सैल राहिला तर सांध्याला स्थैर्य येत नाही, फार आवळला तर सूज, ठणका आणि पू होतो, म्हणून तो मध्यम असावा, आणि थंडीत सात, उन्हाळ्यात तीन दिवसांनी तो सोडून पुन्हा बांधावा, इतका बारकावा त्यात आहे. परंतु मला सर्वांत विलक्षण वाटते ती तळहाताच्या भग्नानंतरची व्यवस्था. हाड जुळू लागले की रोग्याच्या हाती आधी मातीचा गोळा द्यावा, काही काळाने मिठाचा खडा, आणि हातात बळ आल्यावर दगड. आज क्रीडावैद्यकात भार टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे जे तत्त्व शिकवतात, ते या तीन वस्तूंत मावले आहे; आणि केवळ विश्रांतीने हाड जुळते पण हात परत मिळत नाही, हे सत्य ज्याने जाणले त्याच्यासमोर रोगी म्हणून कामकरी, शिपाई आणि मल्लच बसत असले पाहिजेत. व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, हाही आयुर्वेदाचाच दंडक. तालमींनी मात्र तो सदैव पाळला असे म्हणवत नाही, कारण हजारांनी मोजलेल्या बैठकांचा अभिमान तिथे मोठा होता.

हाडवैद्यकाची ही विद्या आणि व्यायाम एका छपराखाली नांदल्याचा ठळक दाखला बडोद्याचा आहे. सयाजीराव गायकवाडांच्या राजवटीत जुम्मादादांचा आखाडा आणि त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव यांचे नाव साऱ्या मराठी मुलखात झाले. सांघिक कवायतीला हिंदी हुकूम देणारे म्हणून माणिकराव जसे ओळखले जात, तसेच निष्णात हाडवैद्य म्हणूनही. शिष्याला लाठी फिरवायला लावणाऱ्यानेच त्याचा निखळलेला खांदा बसवावा, याचा लाभ असा की दुखापत कोणत्या हालचालीने झाली हे वैद्याला विचारावे लागत नाही. त्याने ती हालचाल स्वतः शिकवलेली असते. याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी 1936 ते 1949 या काळात व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. तोंडी चालत आलेल्या विद्येला छापील रूप देण्याचे एवढे मोठे काम मराठीत एका संपादकाच्या चिकाटीवर तडीस गेले, आणि त्याची आठवण आज फार थोड्यांना आहे, याची खंत वाटते.

तथापि जुन्या पद्धतीचे दोष झाकून ठेवणे हे तिच्यावरील प्रेमाचे लक्षण नव्हे. आखाड्याच्या मातीत हळद कितीही घातली तरी धनुर्वाताचे बीज त्याने मरत नाही. रगड्याने मोडलेला, रक्त साकळून घट्ट झालेला कान पैलवानाने भूषण म्हणून मिरवला, पण ती इजाच असते आणि वेळीच रक्त काढून दाब दिला तर तो कान वाचतो. निखळलेला सांधा बोटांना समजतो. हाडाची बारीक चीर बोटांना समजत नाही. प्रशियाच्या लष्करातील ब्राइटहाउप्ट या वैद्याने लांब कूच करणाऱ्या शिपायांचे पाय सुजून दुखतात असे 1855 मध्ये नोंदले, आणि 1895 मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर दोनच वर्षांनी त्या सुजेखाली तडकलेले हाड दिसले; म्हणजे एकदाही न पडता, केवळ त्याच त्या श्रमाच्या पुनरावृत्तीने हाड चिरते हे तेव्हा कळले. ज्युलियस व्होल्फने 1892 मध्ये मांडलेला सिद्धांत याच नाण्याची दुसरी बाजू दाखवतो: हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतील रचना बदलते, योग्य भाराने ते घट्ट होते. तारुण्यात घातलेल्या भाराने हाडात जी पुंजी साठते तिच्यावर उतारवयात निर्वाह होतो, हे आता सर्वमान्य आहे. पण भार आणि विश्रांती यांचा जमाखर्च जुळला नाही तर तोच भार हाडाला तडा पाडतो. ठणकणाऱ्या नडगीवर लेप लावून दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठका घालायला लावणाऱ्या वस्तादाला ही दुसरी बाजू ठाऊक असण्याचा मार्ग नव्हता.

मातीवर घडलेल्या देहाला गादीवर उतरावे लागले तेव्हा या साऱ्या विद्येची नव्याने कसोटी लागली. पैलवान खाशाबा जाधव 1948 मध्ये लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले ते सवय नसलेल्या गादीवर लढून. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. गादी दबते ती मातीहून निराळ्या रीतीने: तिच्यावर पाय सरकत नाही, तो रुततो, आणि अंग फिरले पण पाऊल फिरले नाही की पीळ गुडघ्यात साठतो. जुन्या वस्तादांनी खांदा, मनगट आणि कोपर सांभाळण्याचे जे उपाय पिढ्यानुपिढ्या मुरवले होते, त्यांत या गुडघ्याची तरतूद नव्हती, आणि ती करण्याचे काम मातीत वाढलेल्या वस्तादाने व शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टराने एकत्र बसून करावयाचे होते. ते दोघे बहुतेक ठिकाणी अजून एकमेकांना रोग्याच्या निमित्तानेच भेटतात.