संथ प्रवाह संक्षुब्ध कसा होतो : एका प्रश्नाचा इतिहास

जबलपूरकरांना भेडाघाटची दोन रूपे ठाऊक आहेत. धुवांधारला नर्मदा कोसळते आणि पुढे संगमरवरी कड्यांमध्ये तेच पाणी निश्चल भासते. तथापि त्या संथ दिसणाऱ्या पाण्याच्या पोटातही भोवरे असतातच. प्रवाह शांत केव्हा राहतो आणि संक्षुब्ध केव्हा होतो, हा प्रश्न विज्ञानाने सव्वाशे वर्षांहून अधिक काळ हाताळला असून त्याच्या इतिहासात भारतीयांचेही मोलाचे स्थान आहे.

१८८३ मध्ये मँचेस्टर येथे ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी काचेच्या नळीतून वाहणाऱ्या पाण्यात रंगाची धार सोडली. वेग कमी असता ती सरळ रेषेत गेली. वेग वाढताच विस्कटून नळीभर पसरली. १९०४ मध्ये जर्मनीत लुडविग प्रांटल यांनी, पृष्ठभागालगतच्या पातळ थरात, म्हणजे सीमास्तरात, घर्षणाचा प्रभाव एकवटतो, हे दाखवून दिले. या थरात प्रथम सूक्ष्म लाटा उठतात, असे गणित टोलमीन आणि श्लिख्टिंग यांनी मांडले. परंतु तत्कालीन वातविवरांतील हवाच अस्थिर असल्याने त्या लाटा दिसेनात. अमेरिकेत अतिशय शांत हवेचे वातविवर सिद्ध झाल्यावर, १९४० च्या दशकात, त्यांचा पुरावा मिळाला.

प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली गटिंगेन येथे शिकलेले विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. ही विद्या घेऊन ते परतले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकवू लागले आणि पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले 'एचटी-२' हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये आकाशात झेपावले.

त्याच वर्षी अमेरिकेत एमन्स यांनी नवे निरीक्षण प्रसिद्ध केले : संक्षोभ सर्वत्र एकदम पसरत नाही, त्याचे ठिपके उमटतात, वाढतात आणि एकमेकांत मिसळतात. हे ठिपके जन्मतात कोठे? बंगळूरच्या त्याच संस्थेत सतीश धवन आणि त्यांचे तरुण शिष्य रोद्दम नरसिंह यांनी, पृष्ठभागावरील प्रत्येक जागी प्रवाह एकूण वेळेपैकी किती वेळ संक्षुब्ध असतो, याचा अभ्यास केला. ठिपके वाटेल तेथे नव्हे, तर प्रवाहाला आडव्या अशा एका अरुंद पट्ट्यात जन्मतात, हे गृहीत धरले तर मोजमापे जुळतात, असे त्यांनी १९५८ च्या शोधनिबंधात मांडले. तेव्हा नरसिंह जेमतेम पंचविशीचे होते. विमानाचे पंख आणि टर्बाइनची पाती यांवरील घर्षण व उष्णता यांचा अंदाज बांधताना हा विचार आजही उपयोगी पडतो.

काचेची नळी, पाणी आणि थोडा रंग एवढ्यावर रेनॉल्ड्सचा प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येतो. त्यातून उभा राहिलेला प्रश्न मात्र अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.