जावरची वांगी

फैजपूरच्या माणसाला वांग्याचं कौतुक सांगू नये. शेजारच्या बामणोदची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून केलेलं भरीत खातच आम्ही वाढलो. पण मातीची वांगी, तीही घराच्या भिंतीत चिणलेली, मी पाहिली ती उदयपूरच्या दक्षिणेला, जावर गावी.

गेलो होतो चांदीच्या कुतूहलापोटी. जळगावच्या सराफ बाजारात एवढी चांदी विकली जाते, ती येते कुठून? देशात निघणारी चांदी बहुतेक राजस्थानातली, शिसं आणि जस्ताच्या खनिजाबरोबर येणारी. जावर हे त्यातलं जुनं गाव. तिथल्या खाणींतल्या लाकडांची वयं दोन हजार वर्षांपलीकडे जातात. चौदाव्या शतकाच्या अखेरीस, मेवाडच्या राणा लाखाच्या काळात, या चांदी-शिशाच्या खाणी भरभराटीला आल्या. शिसं हवेच्या झोतात तापवलं की त्याचं भस्म होतं आणि चांदी मागे उरते. ही युक्ती इतर देशांनाही ठाऊक होती म्हणा.

जावरची खरी कमाल जस्तात. जस्त खनिजातून सुटतं तेच वाफ होऊन, आणि हवा लागली की जळून जातं. मग या लोकांनी वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत खनिज भरलं, देठासारखी नळी जोडली आणि मूस जाळीदार तळावर उलटी ठेवली. वर आग, खाली गारवा. वाफ नळीतून खाली उतरून थंड होई. एका भट्टीत अशा 36 मुशी! 'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथात या मुशीचं नावच 'वृंताक मूषा' आहे. वृंताक म्हणजे वांगं. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियनला जस्ताचं पेटंट मिळालं 1738 साली. जावरच्या भट्ट्या त्याआधी कित्येक शतकं पेटत होत्या.

मग हे थांबलं का? इथे मराठी माणसाला जरा अवघडल्यासारखं होतं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिंदे-होळकरांच्या फौजा मेवाडकडून पुन्हा पुन्हा खंडणी वसूल करत होत्या. सगळा दोष त्यांचा नाही. मेवाडात भाऊबंदकी होती, दुष्काळही पडले. पण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला भट्ट्या विझल्या त्या विझल्याच. आपल्या खानदेशानेही 1802 साली होळकरी फौजांची लूट पाहिली, पाठोपाठ दुष्काळ आला आणि गावंच्या गावं ओस पडली.

विसाव्या शतकात खाणी पुन्हा सुरू झाल्या. जुनी विद्या मात्र 1980 च्या दशकात संशोधकांना जमीन उकरून शोधावी लागली. त्यांना हसण्यात अर्थ नाही. फैजपूरची निळी-लाल रंगाई इंग्रजी गॅझेटियरात नावाजलेली आहे. पण रंगाऱ्याचा हौद कुठे होता ते दाखव म्हटलं तर मला दाखवता येणार नाही.

जावरला एका आजोबांना भिंतीतल्या त्या मुशींकडे बोट दाखवून विचारलं, हे काय आहे? आजोबांनी विडी विझवली, भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पहले से हैं."