जनसंपर्क : पदवी शिक्षणाची वाट
संस्था आणि समाज यांच्यात विश्वास निर्माण करणे व तो टिकविणे हे जनसंपर्काचे मुख्य कार्य होय. एडवर्ड बर्नेज यांनी १९२३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात हा विषय शिकविला. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही व्यावसायिकांची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली.

मुंबई विद्यापीठात बारावीनंतर या क्षेत्राकडे नेणारा प्रमुख अभ्यासक्रम म्हणजे २००० साली सुरू झालेला 'बीएमएम'. २०१९ मध्ये त्याचे नाव 'बीएएमएमसी' झाले. मात्र, त्यात भर जाहिरात व पत्रकारितेवर राहिला. जनसंपर्क ही त्यातील एक प्रश्नपत्रिका. त्यामुळे अनेकांना पदवीनंतर स्वतंत्र पदविका घ्यावी लागते व खर्च वाढतो. नव्या शैक्षणिक धोरणामुळे रचना बदलत असल्याने चालू वर्षाचा अभ्यासक्रम पाहूनच प्रवेश घ्यावा.

शुल्क भरण्यापूर्वी विद्यापीठाची संलग्नता, जनसंपर्काच्या प्रश्नपत्रिकांची संख्या आणि इंटर्नशिपची सोय तपासावी. प्रसिद्धिपत्रक लिहिणे, पत्रकार परिषदेचे नियोजन, संकटकाळातील संवाद ही कौशल्ये सरावानेच येतात. इंग्रजी मजकुराचे शब्दशः भाषांतर मराठी वृत्तपत्रांच्या उपयोगाचे नसते. म्हणून दोन्ही भाषांवर प्रभुत्व असणाऱ्यास येथे निश्चितच वाव आहे.