लोणावळ्याहून तीन तासांवर : दीपगृह, किनारा आणि पोर्तुगीजांमागे उरलेली एक बोली

लोणावळा-मावळ म्हटलं की धुकं, धबधबे आणि लेणी आठवतात. समुद्र आठवत नाही. पण दोन हजार वर्षांपूर्वी कोकणातल्या बंदरांवरचा माल बोरघाट चढून देशावर येत असे आणि कार्ले-भाजे लेणी याच वाटेवर कोरली गेली. कार्ल्याच्या शिलालेखांत दान देणाऱ्या यवनांचीही नावं आहेत. त्या काळच्या बंदरांपैकी एक म्हणजे चौल. चौल-रेवदंड्यासमोर, कुंडलिका नदीच्या मुखाशी कोर्लई गाव आहे.

कसं जायचं?

कोर्लई रायगड जिल्ह्यातल्या मुरूड तालुक्यात आहे. लोणावळ्याहून खोपोली, पेण, अलिबाग आणि रेवदंडा या मार्गाने साधारण १०० किलोमीटर अंतर पडतं. रेवदंड्यानंतर साळावचा पूल ओलांडला की कोर्लई जवळच.

काय पाहायचं?

समुद्रात घुसलेल्या लांबट टेकडीवर कोर्लईचा किल्ला आहे. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून जिंकला आणि १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पायथ्याशी दीपगृह असून तिथूनच किल्ल्यावर जायची वाट आहे. दीपगृह आतून पाहायचं असेल, तर वेळ आधी विचारून घ्यावी. पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि समुद्रही खवळलेला असतो, त्यामुळे हिवाळा उत्तम.

कोर्लईचं वेगळेपण काय?

पोर्तुगीज गेले, पण इथल्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेपासून तयार झालेली बोली राहिली. गावकरी तिला ‘नो लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’ म्हणतात. तिच्यात शब्द बहुतेक पोर्तुगीज आहेत, पण वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी.

पोर्तुगालशी संबंध तुटला आणि आजूबाजूच्या समाजाशी रोटी-बेटी व्यवहार नव्हता, म्हणून ही बोली अडीचशेहून अधिक वर्षं घरात टिकली. आज ती बोलणारे हजाराच्या आसपास आहेत. शाळा मराठीत आणि नोकरी गावाबाहेर, त्यामुळे पुढच्या पिढीत तिचा वापर कमी होतो आहे.

किल्ल्याचा बुरुज ढासळला तर पुन्हा बांधता येतो. बोलीचं तसं नाही, घरात मुलांशी ती बोलली गेली तरच टिकते. म्हणून कोर्लईला जाणाऱ्यांनी ही वस्ती म्हणजे प्रदर्शन नाही, हे लक्षात ठेवावं. कॅमेरा सुरू करण्याआधी परवानगी घ्यावी आणि कुणी आपणहून बोललं, तर निवांत ऐकावं.