गाड्या वेळेवर, पूल तुंबलेला
(प्रस्तावना)

खरेदी समितीच्या बैठकीत कॅम्पसच्या कोअर स्विचचा तुलनात्मक तक्ता फिरू लागला की सगळ्यांची नजर एकाच रकान्यावर खिळते: ‘स्विचिंग कपॅसिटी’. एका कंपनीने तिथे ३.२ टेराबिट लिहिलेले असते, दुसरीने ६.४. आकडा दुप्पट, किंमत थोडीशीच जास्त, मग आणखी चर्चा कशाला, असे कोणीतरी म्हणते आणि चहा येतो. प्रत्यक्षात दोन्ही पेट्यांवर शंभर गिगाबिटचे बत्तीसच पोर्ट असतात. एकीने वाहतूक एका दिशेने मोजलेली असते, दुसरीने येणारी आणि जाणारी दोन्ही. खोटे कोणीच बोललेले नसते. अशा बैठकांत मी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलो आहे, आणि या विषयाची पहिली पायरी मला तिथेच सापडली: आकडा वाचण्याआधी त्यामागची मोजणी विचारायची.

ज्यांना हा विषय अगदी नवा आहे त्यांच्यासाठी, कोअर म्हणजे काय ते आधी सांगतो. कॅम्पसमधल्या प्रत्येक मजल्यावर एक स्विच असतो. त्याला संगणक, फोन आणि वाय-फायचे अ‍ॅक्सेस पॉइंट जोडलेले असतात. मजल्यांच्या केबल इमारतीच्या स्विचमध्ये येतात, आणि सगळ्या इमारतींचे फायबर ज्या खोलीत येऊन एकमेकांना भेटते तिथे कोअर बसतो. दादर स्टेशन डोळ्यांसमोर आणा. पश्चिम रेल्वेची गाडी वेळेवर आली, मध्य रेल्वेचीही आली, पण मधला पूल संध्याकाळी तुंबलेला असेल तर त्या वक्तशीरपणाचा उपयोग काय? कोअर स्विच हा तो पूल. त्याची रुंदी सगळेच विचारतात. गर्दी झाली की पुलावर काय होते, आणि एक जिना बंद पडला तर माणसे कुठून उतरतात, हे विचारणारे थोडे. हे पुस्तक त्या थोड्यांची संख्या वाढावी म्हणून लिहिले आहे.

इथरनेटच्या पहिल्या सतरा वर्षांत असा स्विच नव्हताच. १९७३ मध्ये झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी जे जाळे विणायला घेतले, त्यात सगळी यंत्रे एकाच केबलवर होती. एक बोलत असेल तर इतरांनी गप्प बसायचे. दोघे एकदम बोलले तर दोघांनी थांबून पुन्हा प्रयत्न करायचा. वेग सेकंदाला २.९४ मेगाबिट. १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या कंपनीने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला आणि प्रत्येक जोडीला स्वतःची वाट मिळाली. त्या कंपनीचे नाव ‘कल्पना’. विनोद भारद्वाज हे तिचे एक संस्थापक. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. स्विचला अस्सल मराठी शब्द हवा असा आग्रह धरणाऱ्या मित्रांना मी एवढेच सांगतो की, पहिल्या इथरनेट स्विचवरचे नाव आपल्या ओळखीचेच होते. पुढे वेग वाढत गेला: १९९८ मध्ये एक गिगाबिट, २००२ मध्ये दहा, २०१० मध्ये चाळीस आणि शंभर, २०१७ मध्ये चारशे.

स्वतंत्र वाटा मिळाल्या तरी गर्दी संपली नाही. ती पेटीच्या आत शिरली. बँकेत सर्व खिडक्यांसाठी एकच रांग आहे आणि पुढच्या माणसाला पासबुकाचीच खिडकी हवी आहे, असे समजा. ती खिडकी अडली आहे. त्याच्या मागच्याला पैसे भरायचे आहेत, ती खिडकी रिकामी आहे, पण पुढचा हलत नाही म्हणून तोही उभा. स्विचच्या आत प्रत्येक पोर्टवर अशी एकेरी रांग ठेवली तर काय होते, याचे गणित १९८७ मध्ये कॅरोल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मांडले. पोर्टची संख्या मोठी आणि वाहतूक सर्वत्र सारखी विखुरलेली असेल, तर स्विच आपल्या क्षमतेच्या फक्त ५८.६ टक्के माल पुढे नेऊ शकतो. शंभर रुपये मोजून साडेअठ्ठावन्न रुपयांची वस्तू घेतल्यासारखे हे आहे. उपाय सुचायला सोपा, करायला कठीण: आत येणाऱ्या प्रत्येक पोर्टवर, बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पोर्टसाठी वेगळी रांग. मग एवढ्या सगळ्या रांगांतून दर क्षणी कोणाला सोडायचे हा नवा प्रश्न उभा राहतो. त्याची उत्तरे शोधण्यात नव्वदचे दशक गेले, आणि मला विचाराल तर या शाखेतले सर्वांत देखणे गणित तिथे आहे. तिसरे प्रकरण वाचताना घाई करू नका.

‘क्षणी’ हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. इथरनेटची सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची. तिच्या पुढचे-मागचे अंतर धरून ८४. शंभर गिगाबिटच्या एका पोर्टवर अशा फ्रेम सेकंदाला १४ कोटी ८८ लाख येऊ शकतात, म्हणजे एकीचा निकाल लावायला ६.७२ नॅनोसेकंद. तेवढ्या वेळात प्रकाश फायबरमधून दीड मीटरही सरकत नाही. म्हणूनच डेटाशीटवर ‘लाइन रेट’ असे लिहिलेले दिसले की विचारावे, कोणत्या आकाराच्या फ्रेमवर? १९९९ च्या आरएफसी २५४४ मध्ये इथरनेटच्या चाचणीसाठी ६४ पासून १५१८ बाइटपर्यंत सात आकार दिले आहेत. विक्रेत्याकडून सातही आकारांचे निकाल मागा. फक्त शेवटच्या आकाराचा निकाल मिळाला, तर उरलेल्या सहांचे उत्तरही त्यात आलेच.

बफरच्या, म्हणजे स्विचच्या आत फ्रेम रांगेत थांबतात त्या जागेच्या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. शंभर गिगाबिटच्या वाटेने आलेला लोंढा दहा गिगाबिटच्या पोर्टमधून बाहेर पडायचा असेल, तर ३२ मेगाबाइटचा बफर तीन मिलिसेकंदांच्या आत भरतो, तेही सगळा बफर त्या एकाच पोर्टला मिळाला तर. कॅम्पसमध्ये असे वेग बदलणारे सांधे ठिकठिकाणी असतात. उलट विलंबाच्या आकड्यांवरून होणारी भांडणे मला निरर्थक वाटतात. एक पेटी अर्धा मायक्रोसेकंद घेते, दुसरी दोन. पण एक किलोमीटरवरच्या वसतिगृहापर्यंतच्या फायबरलाच पाच मायक्रोसेकंद लागतात. शेअर बाजारात त्या दीड मायक्रोसेकंदाला किंमत असेल. ग्रंथालयात नाही.

डेटाशीटवर सर्वांत खाली, बारीक अक्षरांत असते ती नोंदींच्या तक्त्याची क्षमता, आणि घात नेमका तिथे होतो. एका कॉलेजात रात्री अकराच्या सुमारास नेट रांगायचे. आलेखावर बँडविड्थ दहा टक्केही वापरलेली दिसत नव्हती, म्हणून सगळे इंटरनेट पुरवणाऱ्यावर चिडले होते. खरी गोष्ट वेगळी होती. तीन हजार मुलांचे फोन आणि लॅपटॉप मिळून सहा हजार उपकरणे, आयपीव्ही-६ सुरू केल्यामुळे प्रत्येकाचे तीन-चार पत्ते, आणि या सर्वांचे गेटवे म्हणून काम करणारा कोअर. शेजाऱ्यांच्या नोंदींचा तक्ता भरला की तो स्विच उरलेली पॅकेटे आपल्या सीपीयूकडे पाठवी, आणि सीपीयू बापडा त्या कामासाठी बनवलेलाच नव्हता. टेराबिटच्या पेटीला वहीची पाने कमी पडली.

बिघाडाचे शास्त्र शिकायचे असेल तर बॉस्टनला जावे लागते. नोव्हेंबर २००२ मध्ये बेथ इस्रायल डीकनेस या तिथल्या मोठ्या रुग्णालयाचे जाळे कोलमडले आणि सुमारे चार दिवस डॉक्टर-परिचारिका कागदावर परतल्या. स्विच मंद नव्हते. जाळे वर्षानुवर्षे एकसंध पसरत गेले होते आणि त्यात फेरे पडू नयेत म्हणून स्पॅनिंग ट्रीवर भिस्त होती. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये घडवलेली ही युक्ती फार सुंदर आहे. पण तिच्या नेहमीच्या वेळमापात सलग सात स्विचपर्यंतचाच पल्ला धरलेला असतो. रुग्णालयाच्या जाळ्याने तो ओलांडला होता. एरवी ते खपून गेले. मोठ्या डेटाचा लोंढा आला तेव्हा लूप लागला आणि त्याच त्याच फ्रेम घाण्याच्या बैलासारख्या फिरत राहिल्या. रुग्णालयाचे माहिती-प्रमुख जॉन हलाम्का यांनी ही नामुष्की झाकली नाही, जाहीरपणे सांगितली. आपल्या क्षेत्रात असा मोकळेपणा दुर्मीळ, म्हणून हे पुस्तक त्यांचे ऋणी आहे.

तेव्हापासूनचा शहाणपणा असा: इमारती-इमारतींमध्ये राउटिंग ठेवा, व्हीलॅन कॅम्पसभर ताणू नका, आणि कोअर दोन ठेवा. दोन पेट्या मिळून एक यंत्र असल्याचे भासवणारी रचना चालवायला सोयीची असते हे मला मान्य आहे. तरीही सॉफ्टवेअरचा एक दोष दोघींना एकदम आडवे करतो. मी दोन स्वतंत्र मेंदूंच्या बाजूने आहे. त्या पेट्या दोन वेगळ्या इमारतींत असाव्यात, आणि त्यांचे फायबर दोन वेगळ्या चरांतून जावे. एकाच चरातली दोन फायबर जेसीबीला एकच दिसतात.

लायसन्स, एएमसी, ऑप्टिक्सची कुलूपबंदी, पंख्यांची दिशा, यूपीएसची बेरीज यांना या पुस्तकात एकच प्रकरण दिले आहे. विषय कोरडा आहे, पण सात वर्षांचा हिशेब मांडला की पेटीची किंमत बहुधा निम्म्याहून कमी भरते. सोडून देऊ नका.

भाषेविषयी थोडे. पोर्टला द्वार, पॅकेटला पुडके आणि बफरला प्रतीक्षास्थान म्हणून मी एक मसुदा लिहून पाहिला. सर्व्हर रूममध्ये रात्री दोन वाजता उभ्या असलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग झाला नसता. म्हणून शब्द तिथे बोलतात तेच ठेवले आहेत. स्पष्टीकरण मात्र मराठीतच विचार करून लिहिले आहे.

पहिले प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. आपल्या कॅम्पसमध्ये जमिनीखाली कोणते फायबर आहे आणि प्रत्येक टोक किती मीटरवर आहे, ते स्वतः फिरून लिहून आणा. नव्वदच्या दशकात टाकलेले ६२.५ मायक्रॉनचे मल्टिमोड असेल, तर एक गिगाबिट त्यावर दोनशे मीटरपलीकडे सुखाने जाते, पण दहा गिगाबिटचे नेहमीचे एसआर ऑप्टिक ३३ मीटरवर थांबते. सिंगलमोडवर एलआर ऑप्टिक दहा किलोमीटर जाते. ही यादी हातात नसताना स्विचचे कोटेशन मागवू नका.